अनुभव धागा: मोठ्या टेक कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजरची मुलाखत

मंडळी, कोडिंगच्या मुलाखतींवर ढीगभर लिहिलं गेलंय. प्रोग्रॅम मॅनेजर, म्हणजे अनेक टीमची कामं जुळवून आणणारा माणूस, त्याच्या मुलाखतीवर मराठीत मात्र शोधूनही फारसं सापडत नाही. "मीटिंगा तर लावायच्यात, त्याला कसली तयारी?" असं अजूनही ऐकू येतं आणि त्यामुळे चांगली माणसं तयारीविना जातात. ज्यांनी अशा मुलाखती दिल्यात किंवा घेतल्यात त्यांनी मोकळेपणाने लिहा. गोपनीयतेच्या करारात बसणारे प्रश्न जसेच्या तसे टाकू नका. काय विचारतात, काय कामी आलं, तेवढं पुरे. सुरुवात मी करते.

सिंहगडरोड
पुण्यात आयटी सर्व्हिस कंपनीत प्रोजेक्टची डिलिव्हरी सांभाळत होते, तिथून ॲमेझॉनच्या हैदराबाद ऑफिससाठी मुलाखत दिली. आधी रिक्रूटर, मग एक फोन, मग 'लूप', म्हणजे एकामागून एक मुलाखती, प्रत्येक साधारण तासाभराची. त्यांची लीडरशिप तत्त्वं आधी १४ होती, २०२१ मध्ये दोन वाढून १६ झाली. ती मुलाखत घेणाऱ्यांत वाटून दिलेली असतात, त्यामुळे प्रत्येक जण वेगळ्या अंगाने खोदतो. त्यात एक 'बार रेझर' असतो. तो त्या टीमचा नसतो, जागा भरायची त्याला घाई नसते आणि त्याचा नकार असेल तर निवड होत नाही.

परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम हा उत्तर मांडायचा साचा सगळे पाठ करून जातात. खरी परीक्षा त्यानंतरच्या उपप्रश्नांत आहे. मी एका डेटाबेस मायग्रेशनची, म्हणजे डेटा जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये हलवण्याची, गोष्ट सांगितली. प्लॅन, तारखा, परिणाम सगळं ऐकून समोरच्या बाई म्हणाल्या, "डेटाबेस टीम तुम्हाला रिपोर्ट करत नव्हती. मग त्यांनी तुमची तारीख का पाळली?" उत्तर माझ्याकडे होतं, कारण ते काम मी स्वतः केलं होतं. त्यांच्या लीडसोबत बसल्यावर कळलं, की त्यांचा एकच अनुभवी माणूस दोन मायग्रेशनना जुंपलेला आहे. वरिष्ठांना मेल टाकण्याऐवजी आमचं कटओव्हर (जुनी सिस्टिम सोडून नवीवर जाणं) मी दोन टप्प्यांत तोडलं, म्हणजे पहिल्या टप्प्यात त्या माणसाची गरजच उरली नाही. मग पुढचे प्रश्न आले: दोन टप्पे केल्याने काय धोका वाढला? तो कुणी मान्य केला? आकडा कुठून आणला? दोन्ही सिस्टिम काही काळ समांतर चालवायचा खर्च मी मांडला होता, तो सांगितला. हाताखाली कुणी नसताना काम कसं हलवता, हेच या पदाचं मर्म आहे आणि मुलाखतीत तेच तपासतात.

चाकणकर
ताई, अगदी हेच. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत होतो, एपीक्यूपी (नव्या भागाच्या गुणवत्तेचं नियोजन) आणि पीपॅप (उत्पादनाआधी भागाला ग्राहकाची मंजुरी) यांत वर्षं गेली. हार्डवेअरच्या टेक्निकल प्रोग्रॅम मॅनेजरसाठी बोलावलं तेव्हा मित्र म्हणाले, तुझं सॉफ्टवेअर नाही, जमणार नाही. पण नवं उपकरण बाजारात आणायचं म्हणजे टूलिंग, सप्लायर, चाचण्या, मंजुऱ्या हेच असतं. भाग बनवायचा पक्का साचा उशिरा येणार होता, तेव्हा ग्राहकाकडून डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं करायची तात्पुरती परवानगी) घेऊन पहिले लॉट सॉफ्ट टूलवर, म्हणजे तात्पुरत्या साच्यावर, काढले, ही गोष्ट सांगितली. मापं कुठे हलू शकत होती, मंजुरीवर सही कुणाची, नेहमीच्या टूलवर परत कधी आलो, यावर जवळजवळ सगळी मुलाखत झाली. ऑटोवाल्यांनो, स्वतःला कमी लेखू नका. एपीआय म्हणजे काय, एक रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत कशी जाते, लॅटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) कुठे वाढते, एवढं मात्र शिकून जा.

रेडमंडवासी
पदाचं नाव बघून तयारी करू नका, जाहिरातीतलं काम बघा. मायक्रोसॉफ्टमध्ये हे पद १९८० च्या दशकात मॅकसाठीच्या एक्सेलच्या कामातून उभं राहिलं. जेब ब्लुमेंथाल हे पहिले प्रोग्रॅम मॅनेजर मानले जातात. तिथला प्रोग्रॅम मॅनेजर स्पेक (प्रॉडक्ट कसं चालावं याचं लेखी वर्णन) लिहायचा, वापरणाऱ्याच्या बाजूने डेव्हलपरशी बोलायचा. आज इतर ठिकाणी त्याला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतील. ॲमेझॉन किंवा गूगलमध्ये प्रोग्रॅम मॅनेजर म्हणजे मुख्यतः अनेक टीममधली कामं, अवलंबित्व आणि जोखीम सांभाळणारा. माझ्या ओळखीच्या एका मुलाने सगळी तयारी 'नवं फीचर कसं डिझाइन कराल' याची केली आणि त्याला विचारलं रोलआउट (बदल टप्प्याटप्प्याने सगळ्यांपर्यंत पोचवणं) आणि रोलबॅक (बिघडल्यास तो मागे घेणं) याबद्दल.

गूगलबद्दल आणखी एक. तिथे तुम्हाला न भेटलेली समिती मुलाखत घेणाऱ्यांची टिपणं वाचून मत बनवते. म्हणून समोरच्याला लिहून घेता येईल असं बोला: आधी निर्णय, मग कारण, मग आकडा.

पुन्हा_सुरुवात
मुलं लहान असताना नोकरी सोडली होती. एका कंपनीत पॅनेलने "घरी मुलांकडे कोण बघतं?" विचारलं. हा प्रश्न कामाशी संबंधित नाही, असं शांतपणे सांगितलं आणि पुढची फेरी दिली नाही. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. नंतरच्या कंपनीत गॅपबद्दल एक वाक्य, बाकी सगळं कामावर. "लाँच तीन आठवड्यांवर आहे, सिक्युरिटी रिव्ह्यू अडकलाय, काय कराल?" मी लगेच उपाय सांगितला नाही. तारीख कुणी जाहीर केली, अडकलेला मुद्दा किती गंभीर, तो भाग वगळून थोड्या ग्राहकांपुरतं सोडता येईल का, हे विचारलं. नंतर मॅनेजरने सांगितलं की त्या प्रश्नांमुळेच निवड झाली.

पलीकडच्या_खुर्चीतून
मी मुलाखती घेतो. सगळं वेळेत संपलं, सगळे खूश, अशा गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही. मी हमखास विचारतो: स्टेटस रेड, म्हणजे काम धोक्यात आहे असं, कधी केलात, कुणाला सांगितलंत आणि सांगायला थांबलात का? हिरवा रंग शेवटच्या आठवड्यापर्यंत ओढणारा माणूस मोठ्या प्रोग्रॅमला महागात पडतो. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र) असेल तर उत्तम, पण त्यावर होकार देत नाही.

नवखा_नाशिक
फार उपयोगी धागा! माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे. कधी सांगू?

सिंहगडरोड
रिक्रूटरच्या पहिल्या फोनवरच. कमी करून मिळेल असं आधीच कबूल करू नकोस. राजीनामा मात्र लेखी ऑफर हातात आल्यावर आणि बॅकग्राउंड तपासणी झाल्यावरच दे.