कारखान्यातला इंग्रजीचा तास: पगारी की बिनपगारी?

लाइन_नंबर_तीन
न्यू जर्सीत खाण्याच्या वस्तू पॅक करणाऱ्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. माझ्या लाइनवर चाळीसेक माणसं: इक्वेडोर, ग्वाटेमाला, हैतीची, मेहसाण्याच्या चार मावश्या आणि आपल्या सांगलीच्या एक काकू. गेल्या हिवाळ्यात कंपनीनं इंग्रजीचा क्लास काढला. पहिली पाळी तीनला सुटते, दुसरी तीनला लागते. म्हणून बाई एकच धडा दोनदा घेतात, दोन-वीसला आणि तीनला. पाळी बदलली तरी धडा बुडत नाही. ही सोय मला फार आवडली. आधी गावातल्या फुकट क्लासला कोणी टिकत नव्हतं, कारण संध्याकाळी तिकडे जायला बसच नाही.

पण एकोणीस जण होते, ते आता सात झालेत. कारण क्लास बिनपगारी आहे. तीनला सुटलेल्या बाईला पावणेचारला शाळेच्या बसमधून पोर उतरवून घ्यायचं असतं. माझं म्हणणं, हा वेळ पाळीत धरा आणि पैसे द्या.

खुसपट
का द्यावेत? तुम्ही इंग्रजी शिकलात तेव्हा कोणी ताशी पगार दिला होता? इंग्रजी आलं की माणूस दुसरीकडे दोन डॉलर जास्त मिळतात म्हणून जातो. खर्च एकाचा, फायदा शेजाऱ्याचा. माझं छोटं युनिट आहे, बारा माणसं. चौघं अर्धा तास उठून गेली की लाइन बंद. मोठ्या कंपनीच्या सुपरवायझरनं हे सल्ले देणं सोपं आहे.
कायदाही माझ्या बाजूनं आहे. कामाच्या वेळेबाहेर, पूर्ण ऐच्छिक, त्या नोकरीशी थेट संबंध नसलेलं, आणि त्या वेळात काही काम करून घेतलेलं नसेल, तर त्या शिकण्याचा पगार द्यावा लागत नाही.

लाइन_नंबर_तीन
अटी बरोबर सांगितल्यात, पण चारही एकदम पाळाव्या लागतात, आणि खरी मेख तिसरीत आहे. "पट्टा थांबव", "हा खोका ओला आहे", "या मालात शेंगदाणा आहे, लेबल चुकलंय", हे शिकवलं तर ते थेट कामाचं झालं, म्हणजे पगारी. म्हणून आमच्याकडे काय शिकवतात? विमानतळावरचे संवाद आणि फळांची नावं! सांगलीच्या काकू मला म्हणाल्या, "अरे, स्ट्रॉबेरी मला येतंय. मशीन अडकलं तर काय ओरडायचं ते सांग की."
जितका उपयोगी धडा तितका तो पगारी होणार, म्हणून मुद्दाम निरुपयोगी धडे. मला याचीच चीड आहे.

सांजवात
मी दुसरी बाजू सांगते, मी लायब्ररीत फुकट शिकवते. दादा, फळांची नावं निरुपयोगी नाहीत हो. माझ्या वर्गातल्या एका आजींना डॉक्टरकडे नातवाला दुभाषा म्हणून न्यायचं नव्हतं, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या. कारखान्याच्या पैशानं शिकवलं की कारखान्याचंच इंग्रजी मिळतं, हुकूम समजण्यापुरतं. पगाराची चिठ्ठी वाचून "इथे ओव्हरटाइम कमी लागलाय" असं म्हणायला कोणती कंपनी शिकवेल?

खुसपट
सांजवातताई, +१. (याची नोंद घ्यावी, मी सहसा देत नाही.)

मेलबर्नचा_पाहुणा
आमच्याकडे हा भार मालकावर नाही, सरकारवर आहे. प्रौढ स्थलांतरितांसाठी इंग्रजीची सरकारी योजना १९४८ पासून चालू आहे. पूर्वी ५१० तासांची मर्यादा होती, ती २०२१ मध्ये काढली. संध्याकाळचे, शनिवारचे, ऑनलाइन वर्ग आहेत, आणि शाळेत न जाणारी लहान मुलं असतील तर तेवढ्या वेळापुरतं पाळणाघर फुकट. बायको त्या पाळणाघरामुळेच शिकली.
तरी एक कबूल करतो. दहा तास उभं राहून काम करणाऱ्या माणसाला फुकट क्लासही महागच पडतो. झोप कुठून आणायची?

वाटाणा
सगळे मालक आणि मास्तर बोलताहेत, मी त्या क्लासला बसणारा आहे. दुसऱ्या राज्यात, गोदामात, रात्रपाळी. पगार मिळतो, म्हणून जातो, लाज कशाला. पण क्लास चालू झाल्यावर आमच्या साहेबानं जेवणाच्या सुट्टीतही "आता इंग्रजीच बोला" सुरू केलं. मी आणि एक गुजराती भाऊ चार वाक्यं बोलायचो, तेही गेलं. क्लास कधी सक्तीत बदलतो, कळत नाही.

लाइन_नंबर_तीन
वाटाणा, धंद्याची खरी गरज दाखवता आली नाही तर असा नियम इथे चालत नाही, आणि सुट्टीत तर ती दाखवणं अवघडच. एचआरला लेखी विचारा, तोंडी नको. दुसरं म्हणजे सुरक्षेचं प्रशिक्षण कामगाराला कळेल त्या भाषेतच द्यावं लागतं, ओशानं (कामाच्या जागेची सुरक्षा बघणारं अमेरिकेचं सरकारी खातं) २०१० मध्येच ते स्पष्ट केलंय. "क्लास दिलाय ना, मग आता सूचना इंग्रजीत" ही पळवाट नाही.

खुसपट
हे मान्य. सुरक्षेत मी काटकसर करत नाही. पण वेळेचं गणित तुम्ही सोडवलं नाहीत. बारा माणसांच्या युनिटनं काय करायचं?

लाइन_नंबर_तीन
अर्धा तास नको. पाळी लागताना रोज दहा मिनिटं, उभ्या-उभ्या, पगारी, त्या दिवशीच्या मालाचे पाच शब्द. लाइन सुरू व्हायला तसाही तेवढा वेळ जातोच. सांजवातताईंचं इंग्रजी लायब्ररीत, ऐच्छिक.

सांजवात
दहा मिनिटांत भाषा येत नाही.

लाइन_नंबर_तीन
भाषा येत नाही. "थांबव" येतं.

खुसपट
दहा मिनिटं बघतो. सोमवारपासून नाही, सोमवारी ट्रक येतो. मंगळवारी.

वाटाणा
खुसपटकाका, पाच शब्दांत एक "रजा" ठेवा.