मदत हवी आहे : गेमिंगच्या संगणकातला कोणता भाग आधी बदलावा?

नमस्कार. माझ्या गेमिंगच्या संगणकाला आता सात वर्षे होत आली आहेत. संपूर्ण नवा संगणक घेणे सध्या शक्य नाही, त्यामुळे एकेक भाग बदलत जायचे ठरवले आहे. एका वेळी एकच भाग घेता येईल आणि त्यानंतर निदान सहा महिने थांबावे लागेल. पहिलीच निवड चुकली तर तेवढे दिवस हळहळत बसावे लागेल, म्हणून आधी विचारून घेत आहे.

प्रोसेसर रायझन ५ २६०० आहे, मदरबोर्ड बी४५० चिपसेटचा आणि ग्राफिक्स कार्ड ६ जीबीचे जीटीएक्स १०६०. रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या असून त्यांच्या खोक्यावर डीडीआर४ ३२०० असे छापलेले आहे. विंडोज २४० जीबीच्या साटा एसएसडीवर आहे, गेम मात्र सगळे १ टीबीच्या हार्ड डिस्कवर आहेत. पॉवर सप्लाय ४५० वॅटचा आहे. मॉनिटर तेवढा नवा, १९२० बाय १०८० पिक्सेल आणि १४४ हर्ट्झचा. तो आल्यापासूनच या साऱ्या तक्रारी डोळ्यांत भरू लागल्या, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

या संगणकावर आम्ही दोघे खेळतो. मी सायबरपंक २०७७ खेळते. मध्यम सेटिंगवर सेकंदाला ४० फ्रेमच्या (चित्रांच्या) आसपास मिळतात आणि गर्दीच्या रस्त्यावरून गाडी वेगाने नेली की इमारतींच्या भिंती आधी धूसर दिसतात, मग सावकाश स्पष्ट होतात. माझा धाकटा भाऊ काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. चित्र कसे दिसते याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही, सगळ्या सेटिंग त्याने किमान ठेवल्या आहेत. तरीही धुराचा गोळा फुटला किंवा चार-पाच खेळाडू एकदम समोर आले की खेळ क्षणभर अडखळतो, आणि तो नेमका तेव्हाच मारला जातो. त्याच्या मते सगळा दोष प्रोसेसरचा आहे. माझे कार्ड २०१६ सालच्या पिढीचे, म्हणजे प्रोसेसरहून दोन वर्षांनी जुने, तेव्हा आधी मान कार्डाचा असे मला वाटते. एका मित्राने तिसराच सल्ला दिला की रॅम ३२ जीबी करा, सगळे सुरळीत होईल.

प्रोसेसर आणि कार्डाची नावे भरल्यावर कोण कोणाला किती टक्के अडवतो हे सांगणारे एक संकेतस्थळही पाहिले. त्याने एक आकडा दिला, परंतु तो कोणत्या गेमसाठी आणि कशावरून काढला याचा पत्ता लागला नाही. आधी काय बदलावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते ठरवायचे कसे, हे कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

त्या संकेतस्थळाचा आकडा विसरून जावा. एकच प्रोसेसर आणि एकच कार्ड एका गेममध्ये प्रोसेसरमुळे अडते आणि दुसऱ्यात कार्डामुळे. तुमच्या घरी बहुधा तेच घडत असावे, आणि तसे असेल तर तुम्हा दोघांचेही म्हणणे आपापल्या गेमपुरते बरोबर आहे. मात्र अंदाजावर काही घेऊ नका, आधी मोजा.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर ही दोन्ही मोफत आहेत आणि कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतात. खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, कार्डाच्या मेमरीचा वापर, कार्ड आणि प्रोसेसर या दोन्हींचे तापमान आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा, आलेख दिसेल अशी व्यवस्था करा. कार्डाचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के असेल तर त्या गेममध्ये अडचण कार्डाची आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरीही फ्रेम हव्या तितक्या मिळत नसतील, तर कार्ड रिकामे बसून कामाची वाट पाहत आहे, म्हणजेच प्रोसेसर किंवा रॅम मागे पडत आहे. पडताळणीसाठी रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करून पाहा. फ्रेम वाढल्या तर कार्ड दोषी. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर कार्ड निर्दोष आहे.

प्रोसेसरचा एकूण वापर पाहून मात्र फसू नका. २६०० मध्ये ६ कोर आणि १२ थ्रेड आहेत, म्हणजे तो एका वेळी कामाचे १२ धागे चालवू शकतो. गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण क्षमतेने राबून थकला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्क्यांचा दिसतो, आणि ‘प्रोसेसर तर ४० टक्केच वापरला जातो’ असे समजून लोक चुकून नवे कार्ड घेऊन येतात. आणखी एक गोष्ट म्हणजे सरासरी फ्रेमना फार महत्त्व देऊ नका. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेम साधारण ६.९ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. सरासरी उत्तम असूनही मध्येच एखादी फ्रेम ४० मिलिसेकंद घेत असेल तर तेच तुमच्या भावाचे अडखळणे आहे. म्हणून सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा आकडाही टिपून ठेवा.

मॉनिटर खरोखर १४४ वर चालतो की विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अजून ६० वरच आहे, हेही पाहा. हसू नका, हे फार वेळा निघते.

प्रतिसाद २

भिंती उशिरा स्पष्ट होण्याबद्दल. सायबरपंकच्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये किमान गरजांच्या यादीतून हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, तेव्हा तो गेम हार्ड डिस्कवर ठेवून कार्डाला दोष देणे योग्य नाही. हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम १५० एमबी वाचते आणि तीही सलग माहिती असेल तरच. साटा एसएसडी ५५० एमबीपर्यंत वाचते. एसएसडीने सरासरी फ्रेम वाढत नाहीत, परंतु तुम्ही वर्णन केलेली ती विशिष्ट तक्रार बऱ्याच अंशी जाईल. विंडोजच्या एसएसडीवर जागा करून तो एकच गेम तिकडे हलवून पाहा.

धागालेखिका

दोघांचेही आभार. दोन संध्याकाळी मोजण्यात गेल्या. मॉनिटर १४४ वरच आहे.

सायबरपंकमध्ये कार्डाचा वापर ९८-९९ टक्क्यांवरून हलत नाही. सरासरी ४१ फ्रेम मिळतात आणि ७२० वर नेल्यावर त्या ६० च्या पुढे जातात, तेव्हा तिथे निकाल स्पष्ट आहे. गेम एसएसडीवर हलवल्यानंतर भिंतींची तक्रार जवळजवळ संपली.

काउंटर-स्ट्राइकने मात्र मला बुचकळ्यात टाकले आहे. सरासरी ९६ फ्रेम, मंद १ टक्का ३४, कार्डाचा वापर ५५ ते ६० टक्के, आणि रिझोल्यूशन कमी करून काहीही फरक नाही. फ्रेमटाइमचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. म्हणजे भावाचेच खरे ठरले, आणि ते तो दिवसभर ऐकवत आहे. तरी एक गोष्ट खटकली. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग २१३३ दिसतो आणि खोक्यावर तर ३२०० आहे. याचा काही संबंध असेल का?

प्रतिसाद १

पुरेपूर संबंध आहे. डीडीआर४ रॅम बसवल्यावर मदरबोर्ड ती आपणहून २१३३ किंवा २४०० सारख्या सुरक्षित वेगावर चालवतो. खोक्यावरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी प्रोफाइल चालू करावे लागते. काही मदरबोर्डांवर त्याचे नाव डीओसीपी असते. रायझनच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारी वाहिनी, जिला इन्फिनिटी फॅब्रिक म्हणतात, तुमच्या पिढीत रॅमच्या वेगाशीच बांधलेली असते. रॅम मंद झाली की प्रोसेसरही आतून मंदावतो.

तेवढ्यात कॅबिनेट उघडून पट्ट्या कोणत्या खाचांत आहेत तेही पाहा. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. शेजारी-शेजारी पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत असतील तर दोन्ही एकाच चॅनेलवर येतात, दुसरा चॅनेल मोकळा राहतो आणि रॅमची बँडविड्थ निम्मी होते. प्रोसेसर घेण्याचा निर्णय त्यानंतर घ्या.

धागालेखिका

लिहायला संकोच वाटतो, पण दोन्ही चुका निघाल्या आणि दोन्ही माझ्याच आहेत. पट्ट्या पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत होत्या. दोन वर्षांपूर्वी धूळ साफ करताना मीच त्या काढल्या होत्या आणि परत लावताना शेजारी-शेजारी नीटनेटक्या दिसतात म्हणून तशा बसवल्या. त्याच दिवशी मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेलही बदलला होता. सेल काढल्यावर बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात हे ठाऊक नसल्यामुळे एक्सएमपीही तेव्हाच गेले असणार.

आता पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत. एक्सएमपी चालू करून ३२०० ठेवले तर संगणक सुरूच होईना. पंखे फिरत, थांबत, पुन्हा फिरत, पडदा काळाच. तीन वेळा असे झाल्यावर तो आपोआप जुन्या वेगावर परतला आणि माझा जीव भांड्यात पडला. मग वेग २९३३ निवडला, त्यावर तो व्यवस्थित चालतो. रात्रभर मेमरीची चाचणी लावली, एकही चूक आली नाही.

काउंटर-स्ट्राइकचे त्याच नकाशावरचे नवे आकडे असे : सरासरी १२४, मंद १ टक्का ६१. भाऊ दिवसभर काही बोललेला नाही. सायबरपंकमध्ये सरासरी ४१ ची ४२ झाली, म्हणजे काही झाले नाही असेच म्हणायचे.

प्रतिसाद ३

२६०० अधिकृतपणे २९३३ पर्यंतच्याच रॅमला आधार देतो, त्यामुळे ३२०० वर न चालणे हा पट्ट्यांचा दोष नाही. आहे तिथेच ठेवा. ३२ जीबीचा विचार सध्या सोडा. खेळताना १६ पैकी १४-१५ जीबी सतत भरलेली दिसली तरच त्यावर विचार करा.

आता पहिली खरेदी ग्राफिक्स कार्डाचीच व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याला फ्रेमपलीकडचे एक कारण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि २०२५ मधला डूम: द डार्क एजेस यांना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावल्या दाखवण्याची सोय) असलेले कार्ड अनिवार्य आहे. जीटीएक्स १०६० वर असे गेम मंद चालण्याचा प्रश्नच येत नाही, ते चालतच नाहीत. जुना प्रोसेसर निदान कमी फ्रेम तरी देतो.

निवडताना मात्र बाकीच्या संगणकाकडे पाहून निवडा. कार्ड ज्या वाहिनीने मदरबोर्डशी बोलते ती पीसीआय एक्सप्रेस तुमच्या बी४५० वर ३.० आवृत्तीची आहे. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० ही दोन्ही ८ जीबीची कार्डे तिच्या सोळापैकी आठच लेन (मार्गिका) वापरतात, त्यामुळे ती तुमच्या मदरबोर्डवर ४.० च्या निम्म्या वेगाने बोलतील. कार्डाची मेमरी पुरत असेल तोवर याचा फरक थोडाच पडतो. ती ओसंडून वाहू लागली की फटका जाणवतो. १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० पूर्ण १६ लेन वापरते, मात्र त्याला १७० वॅट लागतात आणि निर्माता ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवतो, म्हणजे तुमचा एक भाग दोन भागांचा झाला. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि त्यासाठी ४५० वॅटचा सप्लाय पुरतो असे निर्माताच सांगतो. तुमच्या अटीत तेच बसते. ४०६० ला त्याहून कमी, ११५ वॅट लागतात, परंतु सुचवलेला सप्लाय तिथेही ५५० चाच आहे.

सात वर्षे चाललेला ४५० वॅटचा सप्लाय कोणत्या प्रतीचा आहे, हा प्रश्न राहतोच. त्यावरचे ८० प्लसचे चिन्ह केवळ विजेच्या बचतीबद्दल सांगते, आतल्या भागांच्या दर्जाची हमी देत नाही. जोर पडल्यावर संगणक आपोआप बंद होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर कार्डाआधी सप्लाय बदला, मग भाऊ काहीही म्हणो.

प्रोसेसर सहा महिन्यांनी. त्याच मदरबोर्डवर रायझन ५ ५६०० बसेल, रॅमही तीच चालेल आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये मोठी झेप दिसेल. मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करून घ्या. जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर बसवला तर पडदा उजळणारच नाही, आणि तोवर जुना कोणाला तरी देऊन टाकलेला असतो. एएम५, म्हणजे रायझनच्या नव्या पिढ्यांच्या सॉकेटच्या, मोहात आत्ता पडू नका, त्यासाठी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम असे तिन्ही भाग एकदम घ्यावे लागतात.

धागालेखिका

कार्ड आरएक्स ६६०० घ्यायचे ठरवले आहे. सायबरपंक अर्धा तास पूर्ण जोरावर चालवून पाहिला. संगणक बंद पडला नाही, वासही आला नाही, कार्डाचे तापमान ७४ अंशांवर स्थिर राहिले. एक शंका उरली होती. सध्याच्या कार्डाला सहा पिनांची वायर लावलेली आहे आणि नव्याला आठ पिनांची लागते. कॅबिनेटचे झाकण काढून पाहिले तर त्याच वायरीच्या टोकाला दोन पिनांचा सुटा तुकडा बाजूला वाकवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेला सापडला. सात वर्षे तो तिथेच होता. पट्टी कापून दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, ते खटकन एकमेकांत बसले.