मदत हवी आहे: पहिल्या सामन्याला अकरा दिवस उरलेत. लांब चेंडू वर टाकायचा की खालून पास करत चढायचं?

पेठकर_११

मंडळी, नमस्कार. कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम तोंडावर आलाय. केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमधला आमच्या तालमीचा, म्हणजे पेठेतल्या संघाचा, पहिला सामना अकरा दिवसांवर आहे, शाहू स्टेडियमवर, दुपारचा. तालमीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. समोरच्या पेठेतली मंडळीही इथं वाचतात.

रविवारी सकाळी प्रशिक्षकांनी काही जुन्या खेळाडूंना आणि आम्हा चार-पाच समर्थकांना तालमीत बोलावलंय. गॅलरीतून ओरडता ते समोर बसून सांगा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलंय, आणि जाऊन काहीतरी नीट बोलावं अशी इच्छा आहे. म्हणून हा धागा.

परिस्थिती अशी. आमचा परदेशी फॉरवर्ड उंच आहे, अंगानं दणकट आहे. गेला हंगामभर आमचा एकच डाव होता: स्टॉपरनं (मधल्या बचावपटूनं) नाहीतर गोलकीपरनं चेंडू उचलून त्याच्या डोक्यावर द्यायचा. पब्लिकलाही त्याचीच सवय झालीय. स्टॉपरच्या पायात चेंडू आला की सगळी गॅलरी 'वर टाक, वर टाक' सुरू करते. प्रशिक्षकांना यंदा ते बंद करून गोलकिकपासूनच शॉर्ट पासिंग करायचंय. गेल्या आठवड्यातल्या सराव सामन्यात तसं खेळायला गेलो आणि आमच्या स्टॉपरनं डीच्या (आपल्याच पेनल्टी एरियाच्या) तोंडावर दोनदा चेंडू गमावला. दुसऱ्यांदा गोल बसला. पोरगा मान खाली घालून तिथंच उभा राहिला, मला बघवलं नाही. त्या दिवसापासून पेठेत दोन तट पडलेत.

गेल्या हंगामातल्या शेवटच्या दोन सामन्यांना मी वही घेऊन बसलो होतो. मागून वर मारलेले चेंडू भरले ५३. त्यातल्या ३१ वेळा आमच्या फॉरवर्डचं डोकं आधी लागलं. त्यानंतर चेंडू आपल्याच माणसाला मिळाला तो फक्त ९ वेळा. हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. उडी तोच जिंकतोय, मग चेंडू जातो कुठं?

त्यात पहिल्याच सामन्यातला संघ नऊ माणसं मागं ठेवून खेळणारा आहे. जाणकारांनी सांगा, रविवारी मी कुठली बाजू धरू?

चौथी_पायरी

बाजू सरळ आहे भावा. त्या खेळाडूला सातासमुद्रापलीकडून आणलंय, वर्गणी काढून पैसा उभा केलाय, तो त्याच्या डोक्यासाठीच ना? मग चेंडू डोक्यावरच गेला पाहिजे. डीच्या तोंडावर पास-पास करून गोल खाण्यापेक्षा चेंडू समोरच्यांच्या डीत असलेला बरा. आपली पोरं आठ तास काम करून संध्याकाळी सरावाला येतात. त्यांना अकरा दिवसांत नवा खेळ शिकवणं म्हणजे त्यांच्यावरच अन्याय आहे.

विंगेवरची

दादा, पैसा घातला म्हणून एकच डाव खेळायचा हे पटत नाही. मी शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवते. नऊ जण मागं बसलेल्या संघाला वरून चेंडू टाकला की त्यांचं काम सोपं होतं. सगळे बचावपटू चेंडूकडं तोंड करून उभे असतात, समोरून आलेला चेंडू समोरच परत मारतात. तोच चेंडू विंगेवरून गोलरेषेपर्यंत नेऊन मागं कट करा. आता त्यांची तोंडं स्वतःच्या गोलकडं, आणि आपला हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, मागून धावत पेनल्टी स्पॉटवर येतोय. त्याला कुणी बघतच नाही. शिवाय चेंडूच्या मागं असलेला खेळाडू ऑफसाइड (समोरच्यांच्या बचावफळीच्या मागं उभं राहून पास घ्यायची चूक) होत नाही, म्हणजे तीही भीती गेली.

माझ्या मुलींना मी एवढंच सांगते: कोपऱ्यातून क्रॉस उचलायचा मोह आवरा, अजून चार पावलं आत शिरा.

जुना_लेफ्ट_हाफ

पेठकर, तुमच्या वहीतच उत्तर हाय. ३१ आणि ९. लांब का आखूड हा वाद बाजूला ठेवा.

मी बावीस वर्सं हाफ खेळलो. आमच्या वेळी वस्ताद एकच विचारायचे, "चेंडू पडंल तिथं तू हायस का?" फॉरवर्डनं डोकं लावल्यावर चेंडू दहा-बारा पावलांच्या आत पडतो. तिथं आपला माणूस नसंल, तर ती उडी वाया गेली. वरनं मारलेला पहिला चेंडू नशिबाचा, खाली पडलेला दुसरा चेंडू मेहनतीचा. तुमचे हाफ त्या वेळी कुठं असतात ते बघा. मी पैजंवर सांगतो, मागं स्टॉपरच्या पुढ्यात उभे असणार, कारण गेल्या साली गोल खाल्ल्याची भीती बसलीय.

दुसरी गोष्ट, त्या पोराला सांगा की डोक्यानं चेंडू पुढं ढकलू नको. खाली घे, आपल्याच हाफच्या पायात दे. पुढं ढकललेला चेंडू नुसता गोलकीपरच्या हातात जातो.

पेठकर_११

काका, आत्ताच जुने व्हिडिओ काढून बघितले. तुम्ही म्हणता तसंच आहे. चेंडू हवेत असताना आमचे दोन्ही हाफ मध्यरेषेच्याही मागं आहेत. फॉरवर्ड आणि त्यांच्यात तीस-पस्तीस पावलांची रिकामी जागा, आणि त्या जागेत समोरच्यांचे तिघं. इतकी वर्षं सामने बघतोय, पण माझी नजर कायम चेंडूवर असायची. ती रिकामी जागा आज पहिल्यांदा दिसली.

ताई, गोलरेषेपर्यंत जाणारा एक पोरगा आहे आमच्याकडं, उजव्या बाजूला. वेग भरपूर आहे. पण त्याला चेंडू मिळतो तो थांबलेला, पाठीवर बॅक घेऊन.

हडपसरचा_कोल्हापुरी

पुण्यात नोकरीला असलो तरी जीव तिकडंच असतो. आकड्यांचा विषय निघालाय म्हणून थोडं लिहितो. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप नावाचे गृहस्थ होते, हवाई दलातले. १९५० पासून ते सामन्यातले पास वहीत टिपत बसायचे, अगदी पेठकरांसारखे. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांत होतात असं त्यांना दिसलं, आणि त्यावरून लांब चेंडूच बरा असा निष्कर्ष निघाला. तिथल्या फुटबॉलवर त्याचा बरीच वर्षं प्रभाव राहिला. पुढं लोकांनी चूक दाखवली: मुळात बहुतेक चालीच तीन पासांच्या आत संपतात, म्हणून गोलही त्यातूनच जास्त दिसणार. मोठ्या चाली फार थोड्या, पण त्यातली एकेक चाल जास्त धोकादायक.

म्हणून रविवारी नुसता ५३ हा आकडा सांगू नका. प्रत्येक चेंडू कुठून मारला होता तेही सांगा. दबावाखाली डोळे मिटून भिरकावलेला आणि मान वर करून, बघून दिलेला, हे दोन वेगळे चेंडू आहेत.

चौथी_पायरी

पुस्तकं वाचून गोल होत नाहीत. २००४ च्या युरो कपात ग्रीसनं काय केलं? उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्स, उपांत्य फेरीत चेक प्रजासत्ताक, अंतिम सामन्यात पोर्तुगाल. तिन्ही सामने १-० आणि तिन्ही गोल डोक्यानं. कप घरी नेला. उंच माणूस असणं ही ताकद आहे, ती लाज वाटून लपवायची कशाला?

विंगेवरची

लपवायची नाहीच, दादा. पण त्यातले शेवटचे दोन गोल कॉर्नरवरून होते आणि फ्रान्सविरुद्धचा उजव्या विंगेवरून आलेल्या क्रॉसवर. स्टॉपरनं मागून भिरकावलेला चेंडू त्यात एकही नाही. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूनं बोलतंय. उंच माणसाला चेंडू बाजूनं द्या, समोरून नको.

चौथी_पायरी

हे मान्य. हा फरक मी धरला नव्हता.

सासष्टीकार

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडं गावच्या मैदानावर हाच वाद दर वर्षी होतो. नियमाचं थोडं सांगतो, त्यावर डाव बसवता येतो.

गोलकिकवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नसतो. म्हणजे तुमचा कीपर गोलकिक मारताना वेगवान विंगर बचावफळीच्या मागं उभा राहिला तरी चालतं. पण मधे तुमच्या फॉरवर्डचं डोकं लागलं, की त्या क्षणाला विंगर कुठं आहे ते बघतात. इथंच पोरं चुकतात. म्हणून विंगरनं आधी आत येऊन, डोकं लागताच मागं पळायचं. अर्ध्या सेकंदाचा खेळ आहे, रोज वीस वेळा करून घेतला तर जमतो.

आणि शॉर्ट गोलकिकबद्दल. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू डीबाहेर जाण्याआधीही आपल्या माणसाला घेता येतो. पण घेतलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय? दोन स्टॉपर आत उभे करा. समोरचे तिघं त्यांना दाबायला वर आले, की मधली जागा मोकळी. मग उचलून द्या. ते वर आले नाहीत, तर निवांत पास करत चला. एकाच मांडणीतून दोन्ही डाव निघतात.

हडपसरचा_कोल्हापुरी

सासष्टीकारांचं शेवटचं वाक्य रविवारी तसंच्या तसं सांगा.

एक आपल्या देशातलं उदाहरण देतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नैल सिंग डोक्याला जखम झालेली असताना खेळले. स्टॉपर माणूस, पण प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्यांना उपांत्य आणि अंतिम सामन्यात सेंटर फॉरवर्डला उभं केलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ नं हरवलं आणि त्यातला एक गोल जर्नैल यांचा. हाताशी जी माणसं आहेत ती बघून डाव आखला होता. तुमच्या प्रशिक्षकांनीही आधी तेवढं बघावं.

जुना_लेफ्ट_हाफ

आणि ज्या पोरानं चेंडू घालवला त्याला कुणी बोलू नका. मी पण असाच एकदा सेमीफायनलला डीच्या तोंडावर चेंडू दिला होता. सामना संपल्यावर वस्ताद माझ्या शेजारी बसले, बूट काढायला लागले, एक शब्द बोलले न्हाईत. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मला एकट्याला बोलवून तोच पास शंभर वेळा द्यायला लावला. आजही तो पास मला झोपेत देता येईल. तुमच्या स्टॉपरलाही कुणीतरी तसा वेळ द्या. पहिल्या सामन्यात गॅलरी ओरडायला लागली तर तुम्ही समर्थकांनी आवरायचं. हे काम प्रशिक्षकाचं नव्हं, तुमचं.

पेठकर_११

रविवारची बैठक झाली, त्याचं सांगतो.

मी व्हिडिओतली ती रिकामी जागा दाखवली. प्रशिक्षक बराच वेळ मोबाईल हातात धरून बसले, मग दोन्ही हाफना जवळ बोलावून त्यांनाही दाखवली. लगेच मैदानावर गेलो. पावसाचं पाणी साचलेला कोपरा अजून ओला आहे, तो सोडून उरलेल्या भागात सराव झाला. नियम असा ठरला: कीपरनं चेंडू उचलला की एक हाफ फॉरवर्डच्या खाली, दुसरा त्याच्या थोडा मागं, आणि उजवा विंगर डोकं लागायची वाट बघत उभा. पहिल्या दहा प्रयत्नांत तीनच जमले. शेवटच्या दहात सहा. एकदा तर फॉरवर्डनं चेंडू छातीवर घेऊन खाली दिला, हाफनं पहिल्याच पायात विंगेवर, विंगर गोलरेषेपर्यंत आणि मागं कट. गोल झाला नाही, चेंडू बाराला लागून परत आला. तरी कट्ट्यावर बसलेली सगळी म्हातारी मंडळी उठून उभी राहिली.

शॉर्ट गोलकिक सोडलेली नाही. दोन्ही स्टॉपर आत उभे राहणार, पण कुठला पास द्यायचा ते कीपर ठरवणार आणि मोठ्यानं सांगणार. काका, त्या स्टॉपर पोराबरोबर आता रोज सकाळी साडेसहाला आमच्यातला एक जुना खेळाडू थांबतो.

एक अडचण उरलीय. दोन्ही हाफ वर गेले आणि चेंडू समोरच्यांना मिळाला, तर आमच्या स्टॉपरसमोर कुणीच उरत नाही. परवाच्या सरावात तसाच एक गोल खाल्ला. याला काय करावं?

जुना_लेफ्ट_हाफ

डावा बॅक वर सोडू नका. उजवीकडनं चढाई असंल तर त्यानं आत सरकून स्टॉपरच्या पुढं यायचं, तिथं हाफसारखं उभं ऱ्हायचं. मग मागं तिघं हायतच. आणि चेंडू गेला रं गेला की जवळच्या हाफनं पहिली पाच पावलं मागं नव्हं, चेंडूकडं टाकायची. दमला तर फाऊल न करता नुसतं आडवं उभं ऱ्हायचं, तेवढ्यात बाकीचे येतात.

सामन्याला वही घेऊन बसाच. रकाने तीन करा: चेंडू कुठं पडला, जवळ कोण होतं, कुणाला मिळाला. पूर्वार्ध संपला की ती वही खाली प्रशिक्षकांकडं पोचती करा. मी पूर्वेच्या गॅलरीत असतो.