अभ्यासिकेतले दिवे मध्येच बंद होतात, कोणता सेन्सर लावू?
मंडळी, मदत हवी आहे. सोसायटीच्या अभ्यासिकेत वीजबिल वाचवायला पीआयआर सेन्सर बसवले. ते हलणाऱ्या शरीराची उष्णता टिपतात. पण एमपीएससीची पोरं पुस्तकात डोकं घातलं की ढिम्म हलत नाहीत. मग दिवे गुल, आणि सगळे हात हवेत हलवतायत! इलेक्ट्रिशियन ५.८ गिगाहर्ट्‌झचा मायक्रोवेव्ह सेन्सर (रेडिओ लहरी सोडून हालचाल टिपणारा) सुचवतोय, पण तो काचेपलीकडच्या पॅसेजमधली ये-जाही पकडेल ना? २४ गिगाहर्ट्‌झचा एमएमवेव्ह रडार श्वासाची हालचालसुद्धा ओळखतो. कुणी वापरलाय का? फिरत्या पंख्याने फसतो का? शिवाय रात्री कुलूप लावण्याआधी आत कुणी राहिलंय का, हे वॉचमनला कळायला हवं. कॅमेरा मात्र नको. मुलींचा विरोध आहे, आणि तो रास्तच आहे.