हिराकसाचे पाणी संध्याकाळपर्यंत तांबडे होते, आणि माती परीक्षणात लोह असूनही पाने पिवळी

बागायतदार_निफाड
राम राम मंडळी. निफाड तालुक्यात थॉमसन द्राक्षाची बाग आहे, डॉगरिज खुंटावर (कलमाच्या मुळाकडच्या जातीवर). ऑक्टोबर छाटणीनंतर फूट जोमदार निघाली, पण आता शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडलीत. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. काही वेलांची तर पार पांढुरकी. खालची जुनी पाने हिरवीगार. दुकानदार म्हणतो लोह कमी, हिराकस (फेरस सल्फेट) मारा. पण माती परीक्षणात लोह पुरेसे आहे, देठ परीक्षणातही कमी नाही. सामू (पीएच) ८.३, मुक्त चुना जास्त.

त्यात सकाळी ड्रममध्ये विहिरीच्या पाण्यात हिराकस विरघळवला तेव्हा पाणी फिकट हिरवे होते. लाईट गेली, फवारणी राहिली. संध्याकाळी बघतो तर पाणी तांबडे आणि तळाला साका. मुलगी बारावीला आहे, ती म्हणते डी-ब्लॉकच्या (लोहासारख्या संक्रमण धातूंच्या) धड्यात हेच आहे. माल खराब की पाणी खराब?

रसायन_नाशिकरोड
दादा, माल चांगला आहे आणि तुमच्या मुलीने नेमके हेरले आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि घरची बाग दिंडोरीला, म्हणून सविस्तर लिहितो. तिलाही वाचायला द्या.

लोहाचा अणुक्रमांक २६. बाहेरच्या 'चार-एस' कक्षिकेत २ इलेक्ट्रॉन, आतल्या 'तीन-डी'च्या पाच कक्षिकांत मिळून ६. या दोन पातळ्यांच्या ऊर्जेत फरक थोडा, म्हणून लोह कधी दोन इलेक्ट्रॉन देते, कधी तीन. दोन दिले की फेरस. तिसरा दिला की फेरिक, आणि तेव्हा डी-मध्ये बरोबर ५ उरतात, म्हणजे पाचही कक्षिकांत एकेक. ही अर्धी भरलेली मांडणी स्थिर असते, त्यामुळे हवा लागली की फेरस फेरिककडे सरकते. सोडियम किंवा कॅल्शियमला अशी दोन रूपे नाहीत. संक्रमण धातूंची हीच खासियत, आणि रंगही बहुधा त्याच अर्धवट भरलेल्या डी-कक्षिकांमुळे.

तुमच्या ड्रममधला फिकट हिरवा रंग म्हणजे पाण्याच्या सहा रेणूंनी वेढलेला फेरस. तांबडा साका म्हणजे फेरिक हायड्रॉक्साइड. (मुलीला सांगा, शुद्ध आम्लात फेरिक जवळजवळ रंगहीन, किंचित जांभळट असते. पिवळा-तांबडा रंग येतो तो पाण्याशी अभिक्रिया होऊन. परीक्षेत कोणी विचारत नाही, पण फार सुंदर गोष्ट आहे.) हे किती झपाट्याने घडते ते सामूवर ठरते. सामू एकाने वाढला की हवेने फेरस बदलण्याचा वेग सुमारे १०० पट होतो. आपल्याकडच्या विहिरींत बायकार्बोनेट भरपूर, म्हणजे सामू चढा, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ड्रम तांबडा होणारच.

जे ड्रममध्ये झाले तेच जमिनीत चालू आहे. आपली काळी माती बेसाल्टची, लोहाला तोटा नाही. पण सामू एकाने वाढला की फेरिकची विद्राव्यता जवळपास १००० पटीने घटते. ८.३ ला ते मातीत असून नसल्यासारखे. द्राक्षाची मुळी आम्ल सोडून फेरिकचे पुन्हा फेरस करते आणि मग उचलते, पण चुना ते आम्ल लगेच मारून टाकतो. देठातही असेच. एकूण लोह मोजले तर पुरेसे दिसते, पण ते पानात निष्क्रिय पडून असते. पिवळ्या पानात हिरव्या पानाइतके किंवा जास्तच लोह सापडल्याची उदाहरणे आहेत. म्हणून या बाबतीत अहवालापेक्षा पानाकडे बघा. जुन्या पानातले लोह नव्यात जात नाही, त्यामुळे पिवळेपणा शेंड्यालाच दिसतो. मॅग्नेशियम कमी असते तर खालची पाने आधी पिवळी पडली असती.

फवारायचे असेल तर पाण्यात आधी सायट्रिक ॲसिड टाका, मग हिराकस. लिटरला १ ग्रॅम ॲसिड, २ ग्रॅम हिराकस. सामू खाली येतो आणि सायट्रेट लोहाला धरूनही ठेवते. द्रावण त्याच वेळी संपवा, उन्हात मारू नका, आधी एका ओळीवर बघा. बोर्डोसोबत (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणासोबत) कधीच नको, त्यात चुना आहे. आणि पाणी वाफसा बघूनच द्या. चुनखडीच्या जमिनीत ओल साचली की बायकार्बोनेट वाढते, पिवळेपणाही वाढतो.

तळघर_वाइन
सरांनी सांगितलेले दोन रूपांचे गणित आम्हाला वाइनमध्येही सांभाळावे लागते. टाकीत हवा नसते, तेव्हा लोह फेरस असते आणि वाइन नितळ दिसते. हवा लागली की फेरिक होते, आणि व्हाइट वाइनमध्ये फॉस्फेटशी जुळून पांढरट गढूळपणा येतो. टॅनिन असेल तर निळसर-काळी झाक. लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास लोह गेले की धोका. म्हणून सगळ्या टाक्या स्टेनलेसच्या. तेही लोहच, पण १८ टक्के क्रोमियममुळे वर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि लोह वाइनमध्ये उतरत नाही.

बागायतदार_निफाड
सर, मनापासून आभार. मुलीने ग्लासात करून पाहिले: सायट्रिक घातलेल्या पाण्याला सकाळपर्यंत साका बसला नाही, साध्या विहिरीच्या पाण्याचा तांबडा झाला. आता ठिबकातून चिलेटेड लोह द्यायचे म्हणतो. दुकानात ईडीटीए स्वस्त आहे, ईडीडीएचए बरेच महाग. फरक पडतो का?

रसायन_नाशिकरोड
तुमच्या जमिनीत पडतो. चिलेट म्हणजे लोहाला अनेक बाजूंनी धरून ठेवणारा रेणू. रिकाम्या डी-कक्षिकांमुळे लोह अशा बंधांत छान बसते. पण ईडीटीएची पकड सामू ६.५ च्या पुढे सुटू लागते. चुनखडीत कॅल्शियम लोहाची जागा घेते आणि लोह साका होऊन बसते. ईडीडीएचए ९ पर्यंतही धरून ठेवते, म्हणून जमिनीतून द्यायचे तर तेच घ्या. ईडीटीए फवारणीला चालेल. पुडीवर नुसते '६ टक्के लोह' वाचून घेऊ नका, त्यातले किती 'ऑर्थो-ऑर्थो' आहे ते पाहा. घट्ट पकड त्याच प्रकाराची. द्रावण गडद लाल दिसेल, तो साका नव्हे, त्या चिलेटचाच रंग आहे. उन्हात ते मोडते, त्यामुळे टाकी झाकून ठेवा आणि संध्याकाळच्या पाण्याबरोबर सोडा.