घरी हाताने स्नूकर क्यू: ॲशच्या शाफ्टला आठवड्यात बाक आला

चौकोनी_ठोकळा
खेळायची काठी (क्यू) हातानेच करायची, लेथ नाही. जॅक रंधा, ब्लॉक रंधा, पटाश्या आणि दीड मीटरचा व्ही-खाचेचा पाट एवढीच हत्यारं. व्हाइट ॲश या लाकडाची ३४×३४×१५०० मिमीची पट्टी आणून आधी चौकोनी निमुळती केली, मग अष्टकोनी, मग गोल. सगळं दोन दिवसांत. आता टोकाला ११ आणि बटाला (हातात धरायच्या जाड टोकाला) ३० मिमी आहे. आठवड्याभरात ४ मिमी बाक आला. हीटगनने सरळ होईल का? बटाला शिसवीचे चार स्प्लाइस (उतरत्या कापलेल्या बाजूंवर चिकटवायचे तुकडे) लावायचेत, पण रद्दी तुकड्यावर करून पाहिले तर स्प्लाइसच्या टोकाशी केसाएवढी फट राहते. शिवाय वजन ५०० ग्रॅमच्या आसपास आणायचंय, त्याचं गणित कुणी सांगेल का?

ओलं_सुकं
दोन दिवसांत गोल केलंत, तिथेच गडबड झाली. पट्टीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांत ओलावा सारखा नसतो, ताणही अडकलेला असतो. रंधा मारला की तो मोकळा होतो आणि लाकूड वळतं. म्हणून टप्प्याटप्प्याने जायचं: चौकोनी निमुळता आकार (अंतिम मापापेक्षा ५ मिमी जास्त), मग अष्टकोन (३ मिमी जास्त), मग १६ कोन (दीड मिमी जास्त). दोन टप्प्यांमध्ये निदान दोन-तीन आठवडे उभं टांगून ठेवायचं. भिंतीला टेकवून ठेवू नका, वजनाने झुकतं. प्रत्येक वेळी चारही बाजूंनी सारखंच काढा.

वाळलंय की नाही हे वजनावर ओळखा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी तोला. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही, तरच पुढे. कोकणात पावसाळ्यात हे जमणार नाही, हवाच ओली असते. काम दिवाळीनंतर काढा.

हीटगनचं उत्तर: तात्पुरतं सरळ होईल, पहिल्या ओल्या हवेत परत वाकेल. मी त्या वाटेला जाणार नाही.

काळा_चेंडू_सात
बाक सरसकट नसतो, कुठून सुरू होतो ते आधी बघा. काचेवर घरंगळवून कळत नाही, निमुळतेपणा असमान असला तरी काठी डुचमळते. टोकापासून बटापर्यंत बारीक नायलॉन दोरा ताणून दोन बाजूंनी तपासा.

दुसरं, ॲशवरचे बाण वाचा. शाफ्ट निमुळता असल्यामुळे वलयांचे थर वरच्या-खालच्या बाजूला बाणासारखे कापले जातात. थर अक्षाला समांतर असतील तर दोन्ही बाजूंचे बाण टोकाकडे तोंड करतात. तयार काठीत १४७० मिमीत व्यास २९ वरून ९.५ वर येतो, म्हणजे एका बाजूने दर १५० मिमीला १ मिमी उतार. थर याहून तिरके असले की एका बाजूचे बाण उलटतात. असं लाकूड वळायला तयारच असतं. पट्टी निवडतानाच बाजूच्या रेषा पेन्सिलीने ओढून पाहायच्या.

(स्नूकर १८७५ साली जबलपुरात जन्मला खरा, पण त्याचं लाकूड मात्र आपल्याला बाहेरून आणावं लागतं. म्हणून पट्टी वाया घालवणं महागात पडतं.)

चौकोनी_ठोकळा
दोरा लावला. पुढचा मीटरभर सरळ आहे. बाक बटाकडच्या भागात आहे आणि तिथे खालच्या बाजूचे बाण उलटे आहेत.

पटाशी_धार
मग काठी वाचली. स्प्लाइससाठी तो भाग तसाही उतरता कापायचा आहे. पुढच्या सरळ भागावरून दोरा मागे ताणा, तोच नवा अक्ष माना आणि उतरत्या बाजू त्याच्या हिशोबाने काढा. बटापासून ४०० मिमीवर पूर्ण जाडी, बटाशी १६ मिमी चौरस. शिसव १२ मिमी जाडीची घ्या, म्हणजे नवा गोल तिच्यातून निघेल.

आधी समोरासमोरच्या दोनच बाजू. त्या चिकटवून, सपाट करून मग उरलेल्या दोन. फट दोन कारणांनी येते. रंधा काठावरून बाहेर पडताना नाक खाली बुडवतो आणि शेवटचे १०-१५ मिमी गोलसर होतात. तिथे २० मिमीचा फालतू तुकडा पुढे लावून रंधा त्यावर जाऊ द्या. दुसरं म्हणजे क्लॅम्प आवळला की उतारावर शिसव घसरते. जास्तीच्या लाकडात, जे नंतर कापून टाकायचंय तिथे, दोन बारीक खिळे ठोकून अडवा. चिकटवण्याआधी सांधा नुसता उजेडासमोर धरून तपासू नका, एका बाजूला खडू लावून दुसरीवर घासा: जिथे खडू लागत नाही तिथे खळगा आहे.

शिसव तेलकट असते. ॲसिटोनने पुसून लगेच संथ सुकणारा इपॉक्सी लावा. क्लॅम्प हलकाच ठेवा, जोर लावला की सगळा इपॉक्सी बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. २४ तास हात लावायचा नाही.

काळा_चेंडू_सात
वजनाचं गणित. १४७० मिमी, ९.५ ते २९ मिमी, म्हणजे साधारण ४६४ घनसेमी. ॲशची घनता ०.६८ धरली तर ३१६ ग्रॅम. शिसवीमुळे आणखी १५ ग्रॅम. उरलेले साधारण १६७ ग्रॅम शिशाचे: १२ मिमी जाड, १३० मिमी लांब कांडी तेवढीच भरते.

जागा महत्त्वाची. कांडीचा मध्य बटापासून १०० मिमीवर ठेवला तर तोल (काठी बोटावर आडवी टेकते ती जागा) बटापासून ३५९ मिमीवर येतो, २५० वर ठेवला तर ४०९. म्हणजे शिसं ३ सेमी पुढे गेलं की तोल १ सेमी पुढे. बहुतेकांना ४०० ते ४५० आवडतो. शिशासाठी बटातलं भोक लांब ड्रिलने आधी पाडा आणि अखेरचा गोल त्या भोकाभोवती काढा, कारण लांब ड्रिल थोडंफार भरकटतंच. शिसं वितळवून लाकडात ओतू नका, आतून जळतं. कांडी इपॉक्सीत बसवा, सैल राहिली तर खुळखुळते.

ओलं_सुकं
घासताना हाताने पॉलिश पेपर धरू नका, ॲशचा मऊ थर आधी जातो आणि वळ्या उठतात. व्ही-खाचेचा ठोकळा वापरा, १२० नंबरच्या पेपरपासून ६०० पर्यंत. मग उकळलेलं जवसाचं तेल, पातळ हात, दोन हातांमध्ये एक दिवस. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. दोरीवर एकेक पसरून वाळवा.