हेड कॅशियरच्या मनावरचा ताण आणि शाखा व्यवस्थापकाची जबाबदारी: मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न: शाखा व्यवस्थापक, सातारा जिल्हा

नमस्कार. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या तालुक्याच्या गावातील शाखेची व्यवस्थापक आहे. शाखेत माझ्यासह आठ जण आहोत. आमचे हेड कॅशियर ५२ वर्षांचे असून त्यांची नोकरी २७ वर्षांची झाली आहे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. गणपतीनंतर एका बाजाराच्या दिवशी रोकड दोन हजार रुपयांनी कमी भरली. ती त्यांनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्याच संध्याकाळी स्वतःच्या खिशातून भरली आणि विषय मिटला, असे मी धरून चालले. तेव्हापासून मात्र मशीनने मोजलेले नोटांचे पाकीट ते हाताने आणखी दोनदा मोजतात, त्यामुळे साडेचारला होणारी टॅली, म्हणजे दिवसाच्या रोकडीचा मेळ, साडेसहावर गेली आहे. जेवणाचा डबा उघडलाच जात नाही. पंधरवड्यापूर्वी हयातीचा दाखला द्यायला आलेल्या एका पेन्शनर आजोबांवर ते इतके ओरडले की सगळा हॉल गप्प झाला; हेच अण्णा निम्म्या पेन्शनरांना नावानिशी ओळखतात आणि त्यांच्या स्लिपाही स्वतः भरून देतात. आमची तिजोरी दोन किल्ल्यांनी बंद होते, एक त्यांच्याकडे असते आणि एक माझ्याकडे. परवा त्यांची किल्ली कुलपात जाता जाईना. मी शेजारीच उभी होते, मला हाताची थरथर स्पष्ट दिसली, आणि मी काहीही न बोलता माझी किल्ली फिरवून घरी गेले. तेव्हापासून मला स्वतःचीच लाज वाटते आहे.

शाखेचे वातावरणही सांगायला हवे. दर सोमवारी सायंकाळी सात वाजता वरिष्ठ कार्यालयाची व्हिडिओ बैठक असते. तिथे मागे पडलेल्या शाखांची आणि माणसांची नावे सर्वांसमक्ष वाचली जातात, विमा पॉलिसींच्या उद्दिष्टावरून जे बोलले जाते ते मला इथे लिहवत नाही, आणि रात्री दहानंतर ग्रुपवर आकडे मागितले जातात. ते संदेश मी जसेच्या तसे माझ्या कर्मचाऱ्यांना पाठवत आले आहे. अण्णांशी नेमके काय बोलावे, त्यांना डॉक्टरांकडे जायला सुचवले तर नोकरीत त्यांच्यावर शिक्का बसेल का, आणि वरच्यांवर माझा अधिकार चालत नसताना मी शाखेत काय बदलू शकते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १: समुपदेशक, कोल्हापूर

मॅडम, आपल्याला जे दिसले ते आजाराचे नाव न देता आपण लिहिले आहे, आणि अण्णांशी बोलतानाही हेच करावे. "तुम्हाला डिप्रेशन आले आहे का?" असे विचारू नये, "डबा तसाच परत जातो आहे, मोजणीला वेळ लागतो आहे, मला काळजी वाटते आहे," एवढे म्हणून थांबावे. तिजोरीपाशी किंवा काउंटरवर नव्हे, तर दार लोटलेल्या केबिनमध्ये, चहा मागवून, घाई नसताना बोलावे. पहिल्या खेपेला ते "काही नाही, मॅडम" म्हणतील, ते मानून घ्यावे आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारावे. झोप लागते का, हे आवर्जून विचारावे. जगणे नको झाल्याचा सूर लागला, तर मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारण्यास कचरू नये. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट माणसाला बोलायची वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे सोडू नये, घरच्यांना बोलावून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा खासगी डॉक्टरांकडे जाता येईल. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

शिक्क्याची भीती खरी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि उपचार करणाऱ्यांना तो पाळणे बंधनकारक आहे. आपण त्यांच्या डॉक्टर नाही, पण आपणही तोच दंडक पाळावा, म्हणजे कोणाला काय सांगायचे हे अण्णांनाच विचारावे.

एक चूक मी फार वेळा पाहिली आहे. कळवळ्यापोटी वरिष्ठ त्या माणसाचे काम काढून घेतात. २७ वर्षे रोकड सांभाळलेल्या माणसाला न विचारता काउंटरवरून उठवले, तर "माझ्यावरचा विश्वास उडाला" एवढाच अर्थ तो घेईल. लंडनमधील १० हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून व्हाइटहॉल या नावाने जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात आपल्या कामावर आपले नियंत्रण कमी असलेल्यांना हृदयविकाराचा धोका अधिक आढळला होता. म्हणून बदल करावा, पण तो त्यांच्या सल्ल्याने करावा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या करताना त्याला आजार म्हटले नाही. न हाताळल्या गेलेल्या कामाच्या दीर्घ ताणातून उद्भवणारी ती अवस्था आहे, असे म्हटले. थकवा, कामाबद्दलची तुटलेपणाची भावना आणि आपल्याकडून काही होत नाही अशी समजूत, या तिन्ही गोष्टींवर आपले लक्ष असावे.

उत्तर २: निवृत्त बँक अधिकारी, सांगली

मी स्वतः नऊ वर्षे कॅशमध्ये काढली आहेत, म्हणून आधी डब्याचे बोलतो. कॅशियर जेवायला उठत नाही, कारण उठायचे तर ड्रॉवर दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो, द्यायचा तर मोजून द्यावा लागतो, आणि अर्ध्या तासाच्या जेवणासाठी रांगेसमोर ही मोजणी कोणी करत नाही. त्यामुळे "जेवून घ्या, अण्णा" हे कितीही प्रेमाने म्हटले तरी त्याचा उपयोग होत नाही. दुसऱ्या एका कर्मचाऱ्याला ठरावीक मर्यादेपर्यंतची रोकड सकाळीच स्वतंत्र ड्रॉवरमध्ये द्या. मग दुपारी अण्णा आपला ड्रॉवर कुलूपबंद करून उठू शकतील, आणि पेन्शनच्या व बाजाराच्या दिवशी गर्दीही विभागली जाईल.

दुसरी गोष्ट दोन हजारांची. रक्कम खिशातून भरली म्हणजे विषय मिटत नाही, तो माणसाच्या पोटात जाऊन बसतो. त्या दिवसाच्या स्लिपांवरील नोटांचा तपशील आणि कॅमेऱ्याचे चित्रण तपासले गेले होते का? रोकड कमी भरली की आधी दोघांनी बसून शोधायचे आणि भरण्याचे नंतर पाहायचे, असा आपल्या शाखेचा शिरस्ता करा. फरक सापडला नाही तरी आपण एकटे नव्हतो, हे त्या माणसाला कळते. नोटबंदीत आमच्या शाखेत रात्री अकरापर्यंत मोजणी चाले आणि रोज काही ना काही फरक पडे. व्यवस्थापक शेवटपर्यंत शेजारी बसत, म्हणूनच आम्ही त्यातून निभावलो.

आणि त्यांना रजेवर पाठवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर पाठवण्याचे धोरण बँकांना घालून दिले. त्याचा हेतू गैरव्यवहार उघडकीस येण्याचा आहे, मन:स्वास्थ्याचा नाही. पण नियमाने मिळणारी रजा कोणाच्याही नजरेत खुपत नाही, आणि अण्णांशिवाय दहा दिवस शाखा चालते हे अण्णांनाही दिसते. मात्र समुपदेशकांचा सल्ला ध्यानात ठेवून, ही रजा संशयापोटी नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

उत्तर ३: मनुष्यबळ विभागात कार्यरत, पुणे

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. फक्त एका वाक्यावर बोट ठेवते. "जसेच्या तसे पाठवत आले आहे," असे आपण लिहिले आहे. वरून येणारा शब्द थांबवणे आपल्या हाती नसेल, पण तो कोणत्या वेळी आणि कोणत्या भाषेत पुढे जाईल, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत याच विषयावर खासगी विधेयक मांडले होते. पण रात्री दहाचा संदेश सकाळी दहाला, अपमानाचे शब्द गाळून पाठवण्यासाठी आपल्याला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. सर्वांसमक्ष नावे वाचण्याबद्दल तारीखवार नोंद ठेवा आणि कर्मचारी संघटनेमार्फत लेखी कळवा. एकट्या शाखेचे पत्र फायलीत पडून राहते.

प्रश्नकर्तीचे उत्तर, अकरा दिवसांनंतर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या दिवशी अण्णा खरोखरच "काही नाही, मॅडम" म्हणाले. तिसऱ्या दिवशी बोलले. दोन हजारांचे त्यांना फारसे वाटले नव्हते. त्या आठवड्याच्या बैठकीत त्यांचे नाव घेऊन "रोकड सांभाळता येत नाही, पॉलिसी काय विकणार?" असे म्हटले गेले, तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकलेले तीन कॅशियर पडद्यावर होते. मीही होते, आणि मी गप्प राहिले होते. त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली. दोन महिने त्यांना पहाटे तीनलाच जाग येते आहे. जगणे नको होते का, हे मी धीर करून विचारले. तसे नाही म्हणाले, आणि मग बराच वेळ रडले.

पत्नीसह ते जिल्हा रुग्णालयात जाऊन आले आहेत. उपचार चालू आहेत आणि ते शाखेत फक्त मला ठाऊक आहेत. त्यांच्याविषयी इथे एवढे लिहायलाही मी त्यांची संमती घेतली. दुसरा ड्रॉवर सोमवारपासून सुरू झाला. तो कोणाकडे द्यावा आणि मर्यादा किती ठेवावी, हे अण्णांनीच ठरवले. संघटनेने पत्र स्वीकारले आहे, वरून अद्याप उत्तर नाही. पाकिटे ते अजूनही तीनदा मोजतात. आता तिसऱ्या मोजणीला मी शेजारी खुर्ची घेऊन बसते, आणि आकडा जुळला की आम्ही दोघे किल्ल्या घेऊन उठतो.